फोन तांदळाच्या डब्यात आहे

आम्रपाली,

तुझ्या भावाचं, यशदीपचं लग्न झालं त्या वर्षी तू कम्प्युटरच्या ऑनर्सला गेलीस आणि त्याच वर्षी, पासष्टी उलटल्यावर, मला मुळाक्षरं शिकवलीस. तू ही चिठ्ठी वाचशील तोवर तुझी शेवटची तोंडी परीक्षा झालेली असेल.

तुझा फोन मीच लपवला होता. तांदळाच्या डब्यात आहे. सकाळी तू ओरडलीस, "आबा, मेरा फोन किधर गया?" मी म्हटलं, "परीक्षेले फोन काहून पाहिजे?" तू चिडून तशीच गेलीस. बरं झालं. पहाटे त्यावर गोंदियाहून निरोप आला होता, तो मी वाचला. तू वाचला असतास तर परीक्षा सोडून गाडीत बसली असतीस.

तुझ्या प्रोग्रॅमला हाताने लिहिलेलं वाचता यावं म्हणून तू माझ्याकडून चाळीस पानं लिहून घेतलीस. मालधक्क्यावर पोती उचललेला हात, अक्षरं वाकडी यायची. "वाकडीच पाहिजेत, आबा," म्हणायचीस. माझी अक्षरं आता मशीनला वाचता येतात, हे मी आपल्या अख्ख्या गुढियारी मोहल्ल्याला सांगून ठेवलं आहे.

मी पुढे जातो. माती संध्याकाळी आहे. वरण-भात झाकून ठेवलाय, खाऊन मगच दुपारच्या गाडीने ये. रागावायचं असेल तर तिथे आल्यावर रागव.

माझी लेक, तुला दहावीपर्यंत सांभाळणारी तुझी सुकेशिनी आत्या, आज बुधवारी पहाटे चार वाजता वारली.

आबा