काळी माती तिला मानवली नाही

अहो,

तुम्हाला नावाने हाक कधी मारली नाही, म्हणून कागदावरही हाच मायना. काल धुळ्याहून परतले. तुम्ही आणलेल्या झाडाचं नाव कळलं. कुलूप काढून आत आले, सांगायला तोंड उघडलं आणि मग लक्षात आलं. इतकी वर्षं झाली तरी हे होतंच. म्हणून लिहायला बसले.

केनियातून आलात तो दिवस आठवतो? बोअरच्या मशिनवर परदेशी गेलेला माणूस, निदान टेपरेकॉर्डर तरी आणेल, असं सगळ्यांना वाटत होतं. तुम्ही ट्रंकेतून एक जुनी पँट काढली आणि तिचा पाय उलगडला. आत हिरवे कंद आणि जाड, ताठ पानं. तुमचे थोरले भाऊ, नाना, वाकून बघत म्हणाले, "हाई ते कोरफड शे रे भाऊ. आठे बठ्ठा बांधवर हाईच शे." इथे बांधाबांधावर असणारी कोरफड केनियाहून आणली म्हणून सगळे हसले. मीही हसले. तुम्ही नाही हसलात.

जिथे मशीन लावायची त्या खडकावर ती उभी होती, असं तुम्ही रात्री जेवताना सांगितलंत. दुसऱ्या दिवशी खडक फुटणार म्हणून काढून घेतलीत. फूल कसं होतं विचारलं, तर घास ताटात ठेवून म्हणालात, "हिरवट, तपकिरी, मधे पांढरं. देखणं नाही गं. पण काय उभी होती!"

मग असं का केलंत? स्वतःच्या तोंडाने खडक म्हणालात आणि नानांच्या शेतातली काळी माती आणलीत, गिरणाकाठची, कापसाची! पाहुण्याला आधी गरम पोळी वाढावी, तसं तुम्ही तिला घरातलं सगळ्यात चांगलं दिलंत. कुंडीत माती दोन्ही हातांनी दाबून बसवलीत. आपल्याकडे चांगली माती म्हणजे काळी, दुसरं काय सुचणार?

तिला नवं पान फुटायच्या आत तुम्ही गेलात. सकाळी छातीत दुखतंय म्हणालात, दुपारी अंगणात माणसं जमली होती.

त्यानंतर मी त्या कुंडीला हात लावू दिला नाही कोणाला. तुळशीला पाणी घातलं की तिलाही घालायचे. वैशाखात केळीच्या रोपांना करतात तसं ओलं गोणपाट गुंडाळायचे. तरी एकेक कंद मऊ पडून बसत गेला. मला वाटायचं, तहानली आहे. मी आणखी पाणी घालायचे.

एकच कंद उरला तेव्हा मात्र घाबरले. तो गेला असता तर तुमच्या हातचं जिवंत असं घरात काही उरलं नसतं.

वाचनालयात जायला लागले होते, ते तुम्हाला ठाऊक नाही. चौथीपर्यंत शिकलेली बाई वर्तमानपत्रापासून सुरू झाली आणि मग थांबलीच नाही. तिथे एका पुरवणीत झाडांवर वाढणाऱ्या आमरीवर लेख होता. चित्रातला कंद थेट आपल्या कंदासारखा! लिहिणाऱ्या बाई धुळ्याच्या कॉलेजात शिकवत होत्या. कुंडी मांडीवर घेऊन धुळ्याची गाडी पकडली. शेजारच्या बाईने विचारलं, कोरफड विकायला नेताय का? मी हो म्हटलं. कुठे समजावत बसू?

त्या बाईंनी पान चिमटीत धरलं. चीक नाही, गर नाही, आणि कड कानशीसारखी खरखरीत. ही कोरफड नव्हे, आमरीच आहे, म्हणजे ऑर्किड, म्हणाल्या. जात मात्र फुलल्याशिवाय सांगता येणार नाही. मग मातीत बोट घातलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "ताई, ही माती काढा. आजच्या आज. हिचा जीव गुदमरतोय."

ती तुमच्या हातांनी दाबलेली माती होती.

घरी येऊन ओट्यावर बसले. संध्याकाळ झाली तरी हात पुढे होईना. शेवटी कुंडी उलटी केली. कंदाच्या बुडाशी एकच मूळ जिवंत होतं, पांढरं, जाडजूड. मागच्या गल्लीत बोअर चालू होता. मशिनमधून निघालेली खडी घमेल्यात भरून आणली, चाळली, त्यात विटांचे तुकडे घातले आणि कंद वरच्यावर ठेवला. मशीनवाल्याने विचारलं, एवढ्याशा खडीचं काय करणार? म्हटलं, घरच्या माणसाचं काम आहे.

बाईंनी सांगितलं होतं तशी भर उन्हात ठेवली. पान निघत असेल तेव्हाच पाणी, हिवाळ्यात थेंब नाही. पाणी न घालणं किती कठीण असतं हो! रोज संध्याकाळी तांब्या घेऊन उभी राहायचे आणि तशीच परत फिरायचे.

यंदा उन्हाळ्यात तिने दांडा काढला. वाढत वाढत माझ्या डोक्याच्या वर गेला. फुलं उमलली ती हिरवट, तपकिरी, टोकाला मागे वळलेली, मधे पांढरं आणि त्यावर जांभळ्या रेघा. जांभळं तुम्ही सांगितलं नव्हतं! शेजारीण बघून गेली, वास तर नाहीच म्हणाली.

एक फूल ओल्या फडक्यात ठेवून धुळ्याला नेलं. बाईंनी जाड पुस्तक उघडलं, भिंगातून बघितलं, चित्राशी ताडलं. युलोफिया पीटरसाय. आफ्रिकेतल्या खडकांवरची. येताना गाडीत मी ते नाव पुटपुटत होते.

आज सकाळी नाना आले होते. आता काठी घेऊन चालतात. दांड्यासमोर उभे राहिले. "हाई कोरफड नही शे," एवढंच म्हणाले. मग नाव विचारलं. जिभेवर बसेना, तेव्हा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मी भाऊनं फूलच म्हनसू." तुमचंच नाव पडलं तिला.

तुमची माती फेकली नाही हं. तिच्यात गवती चहा लावलाय, चांगला माजलाय. रोज दोन पात्या तोडते आणि एक कप चहा करते.

आमरीच्या बुडाशी नवा कंद धरलाय. तो मोठा झाला की नानांच्या शेताच्या वरच्या अंगाला, जिथे नांगर लागत नाही, त्या खडकाच्या फटीत नेऊन बसवीन. मूठभरही माती घालणार नाही. तांब्या घरीच ठेवून जाईन. बघून येईन आणि इथे येऊन तुम्हाला सांगेन, उभी आहे म्हणून.

तुमची,
इंदू