अंडी, ड्रम आणि मर्सी

ता. ५ फेब्रु.
मिशीवाल्या कॅटफिशने परत टाकीच्या काचेला अंडी चिकटवली. बोटाने अलगद सोडवून प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली. टाकीत बोअरचंच पाणी, पण अंड्यांना खास ड्रममधलं नितळ. कॅनॉल सुटल्यापासून नळाला गढूळ पाणी, नुसता चहा येतोय, रोज ड्रममध्ये तुरटी मीच फिरवतो. मागच्या दोन्ही खेपांची अंडी पांढरी पडून नासली. या वेळी डबा स्वयंपाकघराच्या खिडकीत, डोळ्यांसमोर.

ता. ६
अंडी कमी वाटतात. काल दाट होती, आज मधे मधे मोकळं. जन्म कारखान्यात उसाच्या वजनकाट्यावर गेला माझा, माप मारलेलं मला सांगावं लागत नाही. घरात माणसं तीन. सुधीर सकाळीच कामावर. उरलो मी आणि सूनबाई. मर्सीला टाकीच्या जागी फ्रीज हवाय, नाताळापासून ऐकतोय.

ता. ७
सुधीरच्या कानावर घातलं. "पप्पा, ती कशाला काढंल अंडी?" बायकोची बाजू घेणारच. वर म्हणतो, या खेपेला पिल्लं नाही निघाली तर टाकी बेलापूरला मामाकडं देऊ. म्हणजे दोघांचं आधीच ठरलंय तर! टाकी गेली की मी दिवसभर काय, भिंत बघत बसू?

ता. ८
धरली! आंघोळीला जातो म्हणालो आणि दाराआड उभा राहिलो. मर्सीने डबा उघडला, टूथपिकने एकेक अंडं उचलून बेसिनमध्ये. आत जाऊन वाट्टेल ते बोललो. घर मोडायला आलीस, इथपर्यंत. ती रडली नाही.
"पांढरी पडल्याली काढत हुते, पप्पा. एकाला बुरशी धरली की चांगली पन जात्यात."
गोष्टी रचू नकोस म्हटलं. दुपारच्या गाडीने कोल्हारला गेली, माहेरी.

ता. ९, रवि.
चर्चमध्ये एकटाच बसलो. सुधीर मुद्दाम मागच्या बाकावर. डब्याला आता कुणाचा हात नाही, तरी सगळी अंडी कापसासारखी. मग कोण? दुकानदाराने जोडी म्हणून नुसत्या माद्या तर गळ्यात मारल्या नाहीत? नराशिवाय अंडी फळणार कशी?

ता. १२
परत अंडी. सुधीर एवढ्या दिवसांनी जेवताना बोलला, "ती म्हनत हुती, तुरटीच्या पान्यात ठिवू नका." तुरटीचं पाणी आम्ही जन्मभर प्यायलो, मेलो का? तरी डब्यात टाकीतलंच पाणी घेतलं. पांढरी दिसतील ती टूथपिकने काढतोय. दोन चांगलीही फुटली. तिच्या हातून एकही फुटताना दिसलं नव्हतं.

ता. १५
भिंगातून पाहिलं. अंड्यात दोन काळे ठिपके, हलणारे. डोळे! बऱ्याच अंड्यांत. इतका आनंद झाला की मर्सीला हाक मारली, आणि मग ओशाळलो. फोन केला. डोळे दिसल्याचं सांगितलं. "बरं झालं," एवढंच. परत ये म्हटलं.
"ह्यांना पाठवू नका. तुमी या. मला जे बोललात ना, ते माझ्या आईसमोर बोला."
उद्या चर्च सुटल्यावर कोल्हारची गाडी आहे. इस्त्रीचा सदरा काढून ठेवलाय. विहीणबाई चहा देतील आणि विचारतील, वाद कशावरून झाला? माशाच्या अंड्यांवरून म्हणू? का खरं ते सांगू, घर मोडायला आलीस असं मी तिला म्हणालो म्हणून?