तुमच्या गाडीचं तेलपाणी

तीर्थरूप दादा,

तुम्हाला माझा वाकून नमस्कार. (वाकायची हल्ली सवयच झाली आहे, सदा बॉनेटमध्ये डोकं घालून असतो.) तुमची कंबर आता कशी आहे? वहिनींचा गुडघा? इकडे तुमच्या बहिणीची प्रकृती उत्तम, माझी बरी, आणि तुम्ही आम्हाला विकलेल्या गाडीची प्रकृती हाच या पत्राचा विषय आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

चावी देताना तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारून म्हणालात, जावईबापू, गाडी म्हणजे सोनं आहे, नुसतं तेलपाणी बघत जा. आता तेलपाणी हा शब्द आपण किती सहज वापरतो! शिलाई मशीनचं तेलपाणी, सायकलचं तेलपाणी, म्हणजे अधूनमधून फडकं मारायचं, असा माझा आपला समज. त्याप्रमाणे मी फडकं मारत राहिलो. तुम्ही तो शब्द अगदी शब्दशः वापरला होता, आणि त्यातलं पाणी नुसतं तोंडी लावायला होतं, हे चढावर गाडी धापा टाकायला लागली तेव्हा कळलं. त्याआधी समोर एक लाल दिवा लागला होता. (त्या दिव्याचं चित्र हुबेहूब चहाच्या किटलीसारखं आहे. तुमची बहीण म्हणाली, ‘अय्या, दादाच्या गाडीत चहाचीपण सोय आहे?’ मी कौतुकाने मान डोलावली आणि तसाच पुढे गेलो.)

तेव्हापासून जिवाला चैन नाही. सकाळी दात घासायच्या आधी खाली जातो, इंजिनातली ती तेल मोजायची दांडी ओढतो, पुसतो, बुडवतो, पुन्हा ओढतो. तेल खाली गेलेलं. ओततो, वर येतो, अर्धा चहा पितो, वाटतं नीट बघितलं नाही, पुन्हा खाली. छापखान्यात प्रुफं तपासायला बसलो तरी बोटांना तोच वास. परवा एका कादंबरीत नायिका म्हणते, ‘माझ्याकडे वेळ कमी आहे.’ मी ‘वेळ’ खोडून ‘तेल’ केलं आणि पुस्तक तसंच छापून बाहेर पडलं. लेखक भेटायला येणार आहे म्हणतात.

बरं, गाडीखाली थेंब गळत नाही. (रात्रभर वर्तमानपत्र अंथरून पाहिलं. शेजाऱ्याने सकाळी ते वाचायला नेलं, एवढं कोरडं.) मग तेल जातं कुठे? शेवटी मेकॅनिकला गाठलं. त्याने इंजिन चालू ठेवून मागचा निळा धूर हुंगला आणि म्हणाला, काका, रिंगा गेल्यात, तेल आतल्या आत जळतंय, इंजिन खोलावं लागेल, महिना तरी धरून चाला. मग आधीचा मालक कोण म्हणून विचारलं. बायकोचा थोरला भाऊ, असं मी सांगितल्यावर त्याने हळूच बॉनेट लावलं आणि मला प्यायला पाणी दिलं.

महिना आणायचा कुठून, दादा? गाडी काही हौस म्हणून घेतली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या भाचीचे दिवस भरत आलेत. तिचं घर डोंगरापलीकडे, दवाखाना तिथून आणखी लांब, नवरा पाळीवर. बाबा, तुम्ही गाडी घेऊन आलात की मी निर्धास्त, असं रोज फोनवर म्हणते. मी हो हो करतो, फोन ठेवतो आणि खाली जाऊन दांडी बघतो. तुमची बहीण म्हणते, येरझाऱ्या घालून फरशी झिजवण्यापेक्षा दादाला कळवा. म्हणून कळवतो की तुमचं सोनं परत घेऊन जा. राग मानू नये. (मानलात तरी चालेल.)

आपला नम्र,
जावईबापू

ता. क. : लगेच नेऊ नका. येत्या शनिवारी आम्ही याच गाडीने पोरीकडे निघतोय. ओतत राहिलात तर पोचेल, असं मेकॅनिक म्हणतो. बाळंतपण पार पडलं की मग न्या.

ता. क. २ : तुमच्या बहिणीने पत्र वाचलं. तिला आता आठवतंय की तुम्ही प्रवासात दर थोड्या वेळाने पाय मोकळे करायला उतरायचात आणि हात पुसत परत यायचात. धन्य आहे तुमची! म्हणजे तुम्ही तेल ओतायला उतरायचात, आणि या गाडीला ते कधी हवं, हे तुम्हाला नुसत्या आवाजावरून कळतं.

ता. क. ३ : खरं लिहितो. तेल ओतता येतं, त्याची भीती नाही. पोरगी मागे कळा सोसत असेल आणि मी रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभा असेन, याची भीती वाटते. गाडी नेऊ नका, तुम्हीच या. मागच्या सीटवर तेलाचे डबे मांडीवर घेऊन तुमची बहीण बसणार आहे, पुढची जागा तुमची. तिने ती न भांडता सोडली, यावरून काय ते ओळखा.