नर्सशी न बोलण्याचा बेत

सोमवार, ३ मार्च
लेकीने इथे आणून सोडलं. म्हाताऱ्यांचा मानसोपचार वॉर्ड. आराम होईल म्हणाली. हे गेल्यापासून मी जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, ही तिची तक्रार. बोलायला समोर माणूस लागतो. ती फोनकडे बघत विचारते. असो. शुक्रवारी मोठे डॉक्टर ठरवणार, मला घरी कधी सोडायचं ते. माझा बेत तयार आहे. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, ठीक आहे. ठीक असलेल्या बाईला कोण अडकवून ठेवेल?

मंगळवार, सकाळी
लांब वेणीची नर्स खुर्ची ओढून समोर बसली. हातात गोळ्यांचा ट्रे नाही, कागद नाही. नर्स रिकाम्या हाताने बसली म्हणजे नक्की पाणी मुरतंय. आजी म्हणू का, विचारलं. मी म्हटलं, नातवंडं असती तर त्यांनी म्हटलं असतं. मग काय म्हणू? काकू म्हण. कशा आहात काकू? ठीक आहे.
बेताबाहेर थोडं बोलणं झालं, पण ते शिष्टाचारापुरतं.

दुपारी
शेजारच्या खाटेवरच्या टीचरबाईंना सावध केलं. त्या म्हणाल्या, अहो, पेशंटशी कसं बोलायचं याचं ट्रेनिंग झालंय त्यांचं. बघा! म्हणजे कटच.

बुधवार
पद्धत ओळखली. मी बोलते तेच ती मला परत देते. मी म्हटलं, इथलं जेवण घशाखाली उतरत नाही. ती म्हणाली, घशाखाली उतरत नाही. आणि गप्प. ती गप्प बसली की माझंच तोंड सुरू होतं. ह्यांचा घशाचा आजार, शेवटी नळीने भरवावं लागायचं ते, मी घास उचलला की ह्यांचं माझ्याकडे बघणं, सगळं बाहेर पडलं. काळजीचं कारण नाही. यातून तिला काय कळणार?

संध्याकाळी
माझ्या ताटात सगळं मऊ शिजवलेलं. कोणी सांगितलं यांना? पुरावा राहू नये म्हणून संपवलं.

गुरुवार
आज वेणीवाली टीचरबाईंसमोर बसली. बराच वेळ. दोघी हसत होत्या. माझ्याबद्दलच असणार. मी मुद्दाम खोकले. लक्ष नाही. पाळत ठेवायची तर नीट ठेवावी, अर्धवट काम आमच्या ह्यांनाही खपायचं नाही. दुपारपाळीची नर्स दारातूनच ओरडली, आजी, गोळी घेतली का? शहाणी गं माझी आजी! मी काय बहिरी आहे? हिच्याशी न बोलणं फारच सोपं. त्यात काही गंमत नाही.

शुक्रवार
मोठे डॉक्टर, वेणीवाली, लेक. कशा आहात? ठीक आहे, मी ठणकावून सांगितलं. डॉक्टर वेणीवालीला म्हणाले, पहिल्या दिवसापासून हेच का? ती म्हणाली, सुरुवात अशीच करतात, मग बोलतात. मिस्टरांबद्दल बोलतात. आणि आता जेवतातही. लेक माझ्याकडे बघतच राहिली. फोन पर्समध्ये होता. डॉक्टर म्हणाले, नुसतं ठीक आहे म्हणत राहिला असतात तर सोडलं नसतं, आता सोमवारी घरी जा.
म्हणजे माझा बेत जमला. थोड्या वेगळ्या वाटेने, एवढंच.

रविवार
वेणीवालीला कळवलं की आणखी आठवडाभर राहायची माझी तयारी आहे. टीचरबाई फार भोळ्या, त्यांच्याजवळ कुणीतरी जाणतं हवं. ती खुर्ची ओढून बसली. म्हणाली, तुम्हाला घरी जायची भीती वाटतेय. विचारलं नाही, सांगितलंच. मी म्हटलं, छे, कसली भीती. मग रुमाल तिच्याकडूनच घ्यावा लागला. घरी ह्यांची बाजू तशीच आहे पलंगाची, एवढंच माझं म्हणणं होतं. ते सांगायला घेतलं.
राहता येणार नाही म्हणाली. उद्या ही खाट दुसऱ्या बाईंना द्यायची आहे. त्या आत्ताच येऊन दारापाशी बसल्यात, कुणाशी बोलायला तयार नाहीत. वेणीवाली खुर्ची घेऊन तिकडे गेली.
माझं सांगून व्हायचं होतं अजून.