सहाव्या सोमवारचा समुद्र

हायालिया, फ्लोरिडा
७ मार्च २०२३

प्रिय इदालमिस,

तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या पार्सलमधल्या मलमाचा गुण आला की नाही, ते तू कळवले नाहीस. इथे सर्व ठीक. माझ्या शस्त्रक्रियेला दोन वर्षे झाली आणि प्रोस्टेटचा कर्करोग परतलेला नाही, असे डॉक्टर म्हणतात. शेजारच्या बाई गुरुवारी बेटावर, तुझ्या सांता क्लाराला येत आहेत, त्यांच्या हाती हे पत्र देतो आहे. फोन करता आला असता. पण फोनवर मी विषय बदलतो, हे तुला माझ्याहून चांगले ठाऊक आहे.

यानेसीचा निरोप मिळाला. इकडे यायचे एकोणीस तारखेचे तिकीट. तिने विचारले आहे, "काका, बाबा नेमके कुठल्या शहरात राहतात? मला त्यांच्या दारात उभं राहून एकच प्रश्न विचारायचाय." त्याचे उत्तर मी तिला दिलेले नाही. ते आधी तुला देणार आहे. मात्र मला सुरुवातीपासून सांगू दे. अठरा वर्षे पदार्थविज्ञान शिकवलेल्या माणसाला मधली पायरी गाळता येत नाही.

या शस्त्रक्रियेनंतर पुरुषाचे काय होते, ते आपल्याकडे कुणी बोलत नाही. लघवीवर ताबा राहत नाही. बायकोशेजारी निजायची लाज वाटते. पुढच्या तपासणीची तारीख जवळ आली, की शरीर शत्रू दारात असल्यासारखे वागू लागते: नाडी जलद, खांदे ताठ, झोप तुटक. याला ताण म्हणतात, आणि यातली सर्वांत आनंदाची गोष्ट अशी, की ताण काही अंशी सवय आहे, आणि सवय मोडण्याची रीत शिकता येते! आमच्या इस्पितळाने त्यासाठी दहा आठवड्यांचा वर्ग काढला. दर सोमवारी चार वाजता, घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावर आठ चौकटी आणि त्यांत आठ म्हातारे. वर्ग घेते लिसेट नावाची मानसशास्त्रज्ञ, वयाने आपल्या यानेसीएवढी. पहिल्याच दिवशी रेम्बेर्तो म्हणून एक जन्माचा ट्रकवाला तिला म्हणाला, "पोरी, मी बायकोच्या धाकानं बसलोय इथं. रडायला सांगितलंस तर कॅमेरा छताकडे फिरवीन."

धडे मुळात इंग्रजीत, दुसऱ्याच प्रकारच्या माणसांसाठी लिहिलेले. आमच्या भाषेत आणले, तरी आत माणसे तीच राहिली. एका धड्यात होते, मन जड झाले की मित्राबरोबर गोल्फ खेळावा. "गोल्फ?" रेम्बेर्तो म्हणाला. "माझ्या परसात कोंबड्या आहेत. त्यांच्याबरोबर खेळू?"

मला मात्र झोप येईना, इतका तो प्रश्न रंजक वाटला. मी लिसेटला चार पाने लिहून पाठवली. गोल्फच्या जागी डोमिनो घाला, कारण डोमिनोच्या टेबलावर माणूस समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता आपल्या सोंगट्यांकडे पाहत बोलतो, आणि म्हणून खरे बोलतो. 'मदत मागा' असे लिहू नका. 'घरच्यांची काळजी हलकी करा' असे लिहा. आमचा माणूस स्वतःसाठी हात पसरणार नाही, घरासाठी पसरेल. लिसेटने फोनच केला. "मास्तर, इतके दिवस कुठे होतात तुम्ही?" आणि श्वासाचा धडा माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित करायची विनंती केली.

त्या धड्यात बर्फाने झाकलेले रान होते. मी ते खोडले आणि समुद्र लिहिला. बेटावरच्या माणसाला आणखी काय हवे? "डोळे मिटा. तुम्ही पाण्यावर तरंगत आहात. लाट तुम्हाला अलगद उचलते आहे." मागे लाटांचा आवाज, आणि श्वास सोडता यावा म्हणून वाक्यावाक्यांमध्ये मोकळी जागा.

सहाव्या सोमवारी लिसेटने ते लावले. अर्ध्या मिनिटाने उबाल्दो, आमच्यातला सर्वांत अबोल, घड्याळे दुरुस्त करणारा, म्हणाला, "बंद करा." लिसेटला ऐकू गेले नाही. "बंद करा म्हणतोय ना!"

"मास्तर," रेम्बेर्तो म्हणाला, "लाटा झाल्या, आता शार्कपण सोडा." कुणी हसले नाही. मग त्याने स्वतःच डोक्यावरची टोपी काढली.

"आम्ही नऊ जण निघालो होतो," उबाल्दो म्हणाला. "चौघं पोचलो. माझी बहीण नाही पोचली. आणि हा बाबा मला सांगतो, तरंग!"

आठांपैकी पाच जण समुद्रावरून आलेले निघाले. कुणी ट्रकच्या ट्यूबवर, कुणी दारांच्या फळ्यांवर. एकेकाने सांगितले. कॅमेरा कुणी फिरवला नाही. शेवटी उबाल्दोने विचारले, "आणि मास्तर, तुम्ही कसे आलात?"

मी म्हणालो, "विमानाने."

"वाटलंच," तो म्हणाला, आणि त्याने मला माफ केले.

इदालमिस, मी कसा आलो ते तुला ठाऊक आहे. तराफ्याच्या दोऱ्यांच्या गाठी तू स्वतः ओढून पाहिल्या होत्यास. मग मी समुद्र का निवडला? लिसेटला मी बेटाचे कारण सांगितले. खरे कारण असे, की माझा धाकटा ओस्मानी मला अजून विचारतो. "दादा, अजून किती?" नळ सोडला की विचारतो. कपडे धुण्याच्या यंत्रात पाणी भरू लागले की विचारतो. शस्त्रक्रियेनंतर भूल उतरत होती तेव्हा त्याने इतक्या जवळून विचारले, की परिचारिकेनेच विचारले असे समजून मी तिला उत्तर दिले. मला वाटले, माझ्याच आवाजात पाण्याला शांत व्हायला शिकवले, तर ते शिकेल. ध्वनिमुद्रण तपासायला बसलो, तर प्रत्येक मोकळ्या जागेत तोच.

चौऱ्याण्णवच्या सप्टेंबरात मी तुला लिहिले, की आम्हाला दोन वेगवेगळ्या जहाजांनी उचलले. तुझे प्रश्न थांबेनात, तेव्हा लिहिले, की तो उत्तरेकडे गेला आणि त्याने दुसरे घर केले. यानेसीच्या पंधराव्या वाढदिवसाचा निळा झगा मीच त्याच्या नावाने पाठवला. "तिनं कात्री घेऊन त्याची फडकी केली, भाऊजी," असे तू लिहिलेस, आणि मला हायसे वाटले. रागावलेली माणसे शोध घेत नाहीत.

जहाज एकच आले. त्यावर मी एकटा चढलो.

तिसरा दिवस होता, दुपार. गोडे पाणी आदल्या दिवशी संपले होते आणि माझा डोळा लागला असताना ओस्मानी खारे पाणी प्यायला. मग तो हसू लागला. म्हणाला, किनारा दिसतोय, यानेसी हाका मारतेय, आणि तराफ्यावरून उतरला, जसा माणूस घराच्या पायरीवरून उतरतो. मी त्याचे मनगट पकडले. माझ्या अंगात त्याला वर घेण्याची ताकद नव्हती. तराफा कलला, एक ट्यूब दोरीतून निसटू लागली. धरून ठेवले असते, तर दोघेही गेलो असतो. हे गणित बरोबर आहे. अठ्ठावीस वर्षे मी ते तपासतो आहे आणि त्यात चूक सापडत नाही.

पण गणितात एक गोष्ट मांडता येत नाही. गार पाणी लागल्यावर तो भानावर आला होता. हसणे थांबले होते. त्याने मला ओळखले. "दादा," म्हणाला. पुढे काही विचारले नाही. आणि मी बोटे उघडली.

ओस्मानीने तुम्हाला टाकले नव्हते, इदालमिस. कुठल्याही शहरात त्याचे दुसरे घर नाही. ज्याला तू इतकी वर्षे शिव्या दिल्यास, तो तुझ्या मुलीकडे निघाला होता.

यानेसी विमानात बसण्यापूर्वी हे तिला वाचून दाखव. वाचणे जमणार नसेल, तर नुसते तिच्या हाती दे. तिने इथे कुणाची दारे ठोठावू नयेत. विमानतळावर मी उभा असेन, तिला हवे ते विचारू दे. माझे तोंड पाहायचे नसेल, तर तसे कळव. रेम्बेर्तो तिला घ्यायला येईल आणि त्याची बायको तिची सोय करील. आज सकाळी त्याला मी सगळे सांगितले. तो म्हणाला, "पत्र लिहा, मास्तर. आणि समजावत बसू नका." ते मला जमले नाही.

आजवर पत्राखाली 'तुझा भाऊजी' असे लिहीत आलो. आज नुसते नाव लिहितो. त्याच्या आधी काय असावे, ते तू ठरव.

एलिसेओ