पंखावरचं कुंकू

प्रिय आशू,

तू पहिल्यापासून विसरभोळी. शाळेत दप्तर विसरायचीस, नांदेडला जाताना छत्री विसरायचीस, आणि शेवटी जाताना आजीला विचारायचंच विसरलीस. असं कुणी जातं का गं?

मला अक्षर येत नाही, तुला माहीत आहे. मी बोलते, तुझी आई लिहून राहिली. मी 'न्हाई' म्हणते, ती 'नाही' लिहिते. शिकलेल्या सुनेपुढं माझं काही चालत नाही. मधेच ती थांबून पदर डोळ्याला लावते.

आजच पत्र का, तर काल तुझी मैत्रीण शबाना मुदखेडला गाडीतून उतरून घरी आली. तुझं कॉलेजातलं सामान घेऊन. कपडे, एक वही, आणि तो लाकडाचा पंख.

आठवतं का, उदबत्तीपुढं बसून विचारायचीस, "आजी, धूर हातभर सरळ जातो, मग का विस्कटतो?" मी म्हणायचे, "देवाला शिंक आली." तू हसायचीस, पण प्रश्न सोडला नाहीस. तोच घेऊन नांदेडला इंजिनिअरिंगला गेलीस.

सुट्टीत ओट्यावर बसून मला शिकवायचीस. विमानाच्या पंखाला लागून वाऱ्याचा एक पातळ थर असतो, दुधावरच्या सायीसारखा. आधी तो गुमान सरकतो, मग कुठंतरी बिथरतो, भोवरे होतात, आणि विमान जास्त तेल पितं. तो बिथरतो कशानं, ते तुला शोधायचं होतं. पंख खरबरीत असला, तापला, वेग वाढला, नाहीतर समोरून येणारा वाराच ढवळलेला असला, की लवकर बिथरतो. पंखाची पाठ चढत जाते तिथं नीट राहतो, उतार लागला की बिचकतो.

"म्हंजे भावकीच की गं," मी म्हणाले. "समदे गुमान चालत्यात. एकानं टोमणा मारला की मांडव डोक्यावर."

"आजी, हेच परीक्षेत लिहिते."

"लिही. मार्क कमी पडले तर माझं नाव सांगू नको."

मग ती खंडेनवमी. घरातल्या हत्यारांची पूजा मांडली होती. विळा, कुऱ्हाड, तुझ्या आईची शिलाई मशीन. तू पंख घरी आणला होतास, लातूरच्या सुताराकडून करून घेतलेला, तीन महिने कागदानं घासून आरसा केलेला. तुझं हत्यार तेच, मग त्याला कसं वगळू? तू अंघोळीला गेलीस तेव्हा त्याच्या पुढच्या कडेला मी कुंकवाचं बोट लावलं. नंतर पदरानं पुसलंही. सकाळीच तू वरून दिलेला रोगणाचा हात अजून ओला होता, ते मला काय माहीत. चार कण आत रुतून बसले.

कॉलेजात एका लांब पेटीत तुम्ही वारा आणि धूर सोडून बघायचात. तिथून तुझा फोन आला. "तुझं कुंकू लागलं, वारा तिथंच फुटून राहिला, आजी. माझे तीन महिने गेले. कुणी सांगितलं होतं हात लावायला? तुला काय कळतं त्यातलं?"

खरंच होतं, मला काय कळतं. पण खरं बोललेलंच जास्त लागतं.

मी रुसले. या वयात. दोन दिवसांनी तुझा फोन आला. तुझी आई म्हणाली, "आत्याबाई, तुमालाच मागती, लई खुशीत हाय." मी म्हणाले, "सांग, आजी देवळात गेली." पुन्हा आला, पुन्हा देवळात. इतकी देवळात तर मी उभ्या जन्मात गेले नाही.

मग तुला ताप आला. डेंगू म्हणाले. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तू डोळे उघडत नव्हतीस. आठवड्यात संपलं. तेव्हापासून एकच सलतं: तुला फोनवर सांगायचं काय होतं?

काल शबानानं वही वाचून दाखवली. बाकी पंख तू पुन्हा घासलास, पण ते चार कण काढलेच नाहीस. हळू वाऱ्यात कण असूनही थर शांत राहतो. वेग वाढला की बरोबर त्यांच्या मागून पाचरीसारखा फाटत जातो. केवढ्या कणानं, केवढ्या वेगाला, तेच तू मोजत बसलीस. चित्राखाली लिहिलंस, 'आजीचं बोट'.

"हे चित्र काढलं त्याच दिवशी फोन घेऊन ती जिन्यात पळाली होती," शबाना म्हणाली. "आजीला सांगते, म्हणून."

आशू, मी चुलीपुढं बसले होते. फोनपासून चार हातांवर. तुझं हसणं मला ऐकू येत होतं.

तू पण कसली गं. आईला तरी सांगायचंस. आजीलाच सांगीन म्हणून अडून बसलीस. माझीच नात.

शबाना तुझं काम पुढं नेणार आहे. सोमवारी मला कॉलेजात बोलावून पेटीत धूर सोडून दाखवणार आहे. गुडघे काही म्हणोत, मी जिना चढीन आणि तू बघितलंस ते बघीन. आणि वचन देते, यापुढं मला कुणाचाही फोन आला तर घेईन, शिव्या द्यायला केलेला असला तरी.

तू गेल्यापासून तुझ्या आईनं धपाट्याचा तवा चढवलेला नाही. तेव्हा सूनबाई, हेही लिही, आणि लिहून झालं की ऊठ. सोमवारी आशूच्या वसतिगृहातल्या पोरींसाठी वीस धपाटे बांध, तीळ लावून. लसणाची चटणी वेगळी. दही नको, एसटीत सांडतं.

तुझी,
रुसकी आजी