एक दिवसाआड गोळी

प्रिय आई,

रविवारी बचत गटाचं हळदीकुंकू आहे, आणि तुझ्या काटकसरीवर मी चार शब्द बोलायचे असं बायकांनी ठरवलंय. कमलमावशी घरी येऊन म्हणाली, "तुझ्या आईवानी संसार करणारी बाई अख्ख्या कुरुळीत न्हाई. सांग जरा आजकालच्या सुनांना." मी हो म्हटलं. पण काय बोलणार ते आधी तुला सांगते. मागाहून कुरकुर नको!

तुझी हुशारी मी मुळीच लपवणार नाही. डाळ भिजवूनच कुकरला लावायची आणि दोन शिट्ट्यांत गॅस बंद. चाकणच्या बाजाराला दिवस कलल्यावर जायचं, कारण तेव्हा कुणालाच उरलेली मेथी परत न्यायची नसते. वर्षाचे गहू उन्हाळ्यातच भरायचे, एरंडेल चोळून. अण्णांचा ओव्हरटाइम तर तू घरखर्चात कधी धरलाच नाहीस. "त्यो आलाच न्हाई असं समजायचं," म्हणायचीस. माझा डिप्लोमा त्याच्यावर झाला. आज मी कंपनीत क्वालिटीला आहे ती तुझ्यामुळे, हे मी माईकवर ठणकावून सांगणार आहे.

पण आई, तुझ्या बीपीच्या गोळ्यांचं काय करू?

डॉक्टरांनी रोज एक सांगितली होती. तू एक दिवसाआड घ्यायचीस. चोरून नाही, चांगलं चारचौघांत सांगून! दिवाळीत आत्या आल्या होत्या, तेव्हा तू पाकीट दाखवत म्हणालीस, "बघा वन्सं, महिन्याचं पाकीट दोन महिने पुरवते मी." आत्या म्हणाल्या, "वहिनी, तुम्हाला कंपनीत खरेदीलाच बसवायला पाहिजे." सगळे हसले. तू पदर तोंडाला लावून सगळ्यांत जास्त हसलीस.

मी एकदा ओरडले तर मलाच गप्प केलंस. "डोकं दुखत न्हाई, चक्कर येत न्हाई, मग रोज कशाला? लई खर्चिक हायेस बाई तू!" अगं, डोकं दुखायची वाट बघायची असते का? अण्णांच्या गुडघ्याचं मलम संपायच्या आत तू दुसरं आणायचीस. माझा चष्मा त्याच आठवड्यात बदललास. कात्री चालायची ती फक्त तुझ्यावर. कुणी सांगितलं होतं तुला?

ओट्यापाशी पडलीस त्या सकाळी डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या चालू होत्या ना? अण्णा म्हणाले, "व्हय, चालू हायेत की." ते खोटं बोलत नव्हते, आई. आपल्या घरात त्यालाच चालू म्हणत होते.

तू गेलीस. तुझं दिवसपाणी झाल्यावर मी फडताळ आवरलं, तर तुझ्या गोळ्यांचं एक अख्खं पाकीट मिळालं. तुझ्यापेक्षा तुझ्या गोळ्या जास्त पुरल्या. एवढा राग आला होता मला तुझा! अजून आहे.

आणि आता ऐक. अण्णांनाही बीपी निघालंय. काल मी त्यांचं पाकीट बघितलं तर निम्म्याहून जास्त गोळ्या शिल्लक. विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "एक दिवसाआड घेतोय. तुझी आई तशीच घ्यायची."

माझा तोल गेला. म्हटलं, "गेटवर वॉचमन आहात ना तुम्ही? मग गाड्यापण एक दिवसाआड तपासा! परवानगी आहे का साहेबांची?" मी गोळी आणि पाणी पुढे ठेवलं आणि ते गिळेपर्यंत समोरून हलले नाही. मग सांगून टाकलं, की रविवारी मी गोळ्यांचंही बोलणार आहे.

"गेलेल्या माणसाचं असं सांगत्यात का?" अण्णा कळवळून म्हणाले. "चांगलं नाव हाय तिचं."

नाव आहे म्हणूनच सांगायचं, आई! तुझ्यासारखं करायला निघालेल्या किती जणी समोर बसल्या असतील. त्यांच्यातल्या एखाद्या लेकीनं माझ्यासारखं फडताळ आवरायचं का? तुला वाईट वाटलं तर वाटू दे. मी ऐकणार नाही.

आज सकाळी अण्णांनी चहाआधी स्वतःच पाकीट काढलं. गोळी घेतली, रिकामा कप्पा मला दाखवला आणि म्हणाले, "सांग रविवारी. माझं बी सांग."

तेव्हा हा माझा शब्द. डाळ भिजत घालीन, दिवस कलल्यावरच बाजाराला जाईन, माझा ओव्हरटाइम आलाच नाही असं समजेन. पण महिन्याच्या सामानात सगळ्यात आधी औषधं येतील, मिठाच्याही आधी. अण्णांची येतील, आणि उद्या लागली तर माझीसुद्धा. तू मला जे म्हणायचीस ते आता मी अभिमानानं लावून घेते.

तुझीच,
लई खर्चिक सारिका